बाग वाढवायची, पण बादल्या मोजून

जुलै महिन्यात पुण्यात कुणीही माळी होऊ शकतो. पाणी आभाळ घालतं, ऊन जाळत नाही, भिंतीच्या फटीतसुद्धा पिंपळ तरारतो. माझ्या आठ कुंड्यांच्या चाळीस झाल्या त्या अशाच एका जुलैत. कोथरूडमध्ये तिसरा मजला, बैठकीच्या खोलीला लागून छोटी गच्ची. दोडक्याचा वेल कठड्यावरून खाली लोंबत होता, शेजारपाजारी दोडकी वाटून झाली होती आणि आपल्या हाताला गुण आहे अशी माझी ठाम समजूत झाली होती. मग ऑक्टोबरचं ऊन आलं, थंडी बरी गेली, आणि एप्रिलमध्ये इमारतीचं पाणी एक वेळ झालं. मे संपताना कढीपत्ता, गवती चहा आणि पानओवा एवढे तिघेच जिवंत होते. बाकी सदतीस कुंड्यांत भेगाळलेली काळी माती.

त्यानंतर मी बाग पुन्हा वाढवली, ती उलट्या टोकाकडून. आधी एप्रिलचं पाणी, मग खत, मग वजन आणि ऊन. कुंडी सगळ्यात शेवटी. तुमच्याकडे तुळस, पुदिना, एखादी मिरची अशा पाच-दहा कुंड्या असतील आणि आता रोजच्या आमटी-भाजीत घरचं काहीतरी पडावं असं वाटत असेल, तर याच क्रमाने जा.

पाणी: एप्रिलमध्ये किती बादल्या?

बारा इंची कुंडीला थंडीत अर्धा ते पाऊण लिटर पाणी पुरतं. एप्रिल-मेमध्ये तिलाच रोज दीड लिटर लागतं. वीस-पंचवीस लिटरच्या पिशवीत टोमॅटो किंवा वेल असेल तर दोन-अडीच लिटर. म्हणजे दहा पिशव्या आणि दहा कुंड्या धरल्या तर उन्हाळ्यात रोज पस्तीस-चाळीस लिटर, पंधरा लिटरच्या बादलीने अडीच बादल्या. घरात पाणीकपात चालू असताना या अडीच बादल्या रोज बाजूला काढता येतील का, हे आधी स्वतःला विचारा. उत्तर 'एक बादली' असेल तर तुमची उन्हाळी बाग आठ कुंड्यांची. पावसाळ्यात आणि थंडीत ती मोठी करा, पण मार्चला आकसता यायला हवी.

भाज्या, तांदूळ, डाळी धुतलेलं पाणी सरळ कुंडीत जाऊ द्या. साबणाचं नको. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी वापरावं का, असं सगळेच विचारतात. त्यात क्षार जास्त असतात, म्हणून एकट्याने नको. साध्या पाण्यात निम्मं मिसळून, तेही अधूनमधून. बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर बाग असेल तर मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा करपतात. अशा वेळी महिन्यातून एकदा कुंडीच्या तळातून वाहून जाईल इतकं चांगलं पाणी द्यायचं आणि वरचा पांढरा थर खरवडून काढायचा. पावसाळ्यात हे काम आपोआप होतं.

पाणी वाचवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे आच्छादन. मातीवर दोन-तीन इंच पालापाचोळा किंवा उसाचं चिपाड पसरलं की माझ्या कुंड्यांना उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी पुरायला लागलं. पाणी द्यायचं की नाही हे कॅलेंडर बघून ठरवू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर झारी खाली ठेवा. नवशिक्यांची झाडं पाण्यावाचून मरतात त्यापेक्षा जास्त पाण्यात सडून मरतात. मेमधली माझी सदतीस हा अपवाद.

खत: तुमचं स्वयंपाकघर किती कुंड्या पोसतं?

कुंडीतली माती म्हणजे डब्यातलं जेवण, संपलं की संपलं. शेतातल्या झाडाची मुळं दूर जाऊन शोधतात, कुंडीतल्या झाडाला तुम्ही द्याल तेवढंच.

आमच्या चौघांच्या घरातून रोज साधारण अर्धा ते पाऊण किलो ओला कचरा निघतो. महिन्याला वीस किलोच्या आसपास. कुजून त्याचं चार-पाच किलो खत होतं. भाजीच्या एका पिशवीला महिन्याला दोन मुठी, म्हणजे दोन-अडीचशे ग्रॅम खत हवं. भागाकार केला की आकडा येतो वीस. पाण्याच्या हिशेबातही वीसच धरल्या होत्या. चाळीस कुंड्यांना खत विकत आणावं लागतं, आणि मग मिरची सराफाच्या दुकानातून आणल्यासारखी महाग पडते.

खतासाठी दोन झाकणाच्या बादल्या किंवा पन्नास लिटरचे दोन ड्रम घ्या. बाजूंना आणि तळाला भोकं पाडा, तळाशी नारळाच्या शेंड्या पसरा. रोजचा ओला कचरा बारीक करून टाकायचा आणि त्यावर तेवढाच किंवा त्याच्या दीडपट वाळका पाला. सुरुवातीला आंबट ताक किंवा जुन्या खताची एक ओंजळ, म्हणजे विरजण लागतं. आठवड्यातून दोनदा काठीने हलवायचं. पहिला ड्रम भरला की झाकून ठेवून दुसरा सुरू करायचा. दीड-दोन महिन्यांत पहिल्यातलं खत काळं, भुसभुशीत, पावसाळी मातीच्या वासाचं होतं. घाण वास आला किंवा अळ्या झाल्या तर ओल जास्त झालेली असते, पाला वाढवा आणि दोन दिवस झाकण किलकिलं ठेवा. मुंग्या आल्या तर उलट, कोरडं पडलंय. शिजवलेलं तेलकट उरलंसुरलं आणि मासळीचे काटे यात टाकू नका.

वाळका पाला ही यातली खरी दौलत आहे आणि ती पुण्यात रस्त्यावर पडलेली असते. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत झाडणारे लोक ढीग करतात आणि पुष्कळदा काडी लावतात. त्याआधी गाठा. पिंपळ, बदाम, सोनमोहर, कुठलाही चालेल. मी वर्षाला आठ-दहा पोती भरून ठेवते. पाला नको असणाऱ्यांची आणि हवा असणाऱ्यांची गाठ घालून देणारा 'ब्राऊन लीफ' नावाचा नागरिकांचा उपक्रम पुण्यात आहे. जागा नसेल तर पोतं पायाने तुडवा, निम्मं होतं.

वजन

हा भाग कंटाळवाणा आहे, पण वगळू नका. ये-जा असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात स्लॅबच्या स्वतःच्या वजनाखेरीज दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो भार धरलेला असतो. आता एक चौरस मीटरचा, एक फूट खोलीचा वाफा मातीने भरा आणि पाणी द्या. तीनशे लिटर ओली माती म्हणजे साडेचारशे किलोच्या वर. तिप्पट! म्हणून गच्चीवर विटांचे वाफे बांधून माती ओतण्याचा बेत इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करू नका. जुन्या इमारतीत तर नाहीच.

वीस पिशव्यांसाठी इंजिनिअर लागत नाही. त्या मधोमध न ठेवता भिंतीच्या आणि तुळईच्या कडेने पसरून ठेवायच्या, आणि भरताना माती कमीत कमी वापरायची. प्रत्येक पिशवीखाली दोन विटा किंवा लोखंडी स्टँड हवा, म्हणजे खाली हवा खेळते, फरशी वाळते आणि गळती झालीच तर ती कुठून होतेय ते दिसतं. पावसाचं पाणी जाण्याच्या भोकावर जाळी बसवा, पाल्याने ते तुंबलं की एका रात्रीत गच्चीचा हौद होतो. सामायिक गच्ची असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. खालच्या घराच्या छताला ओल आली की पहिलं बोट तुमच्या टोमॅटोकडे जातं, मग ती ओल कशामुळे का असेना.

ऊन कुठे, कधी

पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो आणि डिसेंबरात सूर्य दक्षिणेला बराच कललेला असतो. बागेसाठी याचा अर्थ असा: दक्षिणेच्या बाल्कनीत थंडीत ऊन अगदी खोलीत शिरतं आणि मेमध्ये जवळजवळ येतच नाही. उत्तरेच्या बाल्कनीत मे-जूनमध्ये तिरपं ऊन डोकावतं, एरवी नाही. पश्चिमेला दुपारनंतरचं ऊन आणि तापलेल्या भिंतीची धग, दोन्ही एकदम. म्हणून एकाच रविवारी बघून जागा ठरवू नका. खडूने सकाळी नऊ, बारा आणि तीनला उन्हाची रेघ मारा, आणि हेच दर दोन महिन्यांनी करा.

फळभाज्यांना सहा तास थेट ऊन लागतं. पालेभाज्यांचं तीन-चार तासांत भागतं. पुदिना, अळू, आलं, हळद अर्धवट सावलीत खूश असतात. उत्तरेची बाल्कनी असेल तर टोमॅटोचा हट्ट सोडून अळूवडीची तयारी करा, जास्त समाधान मिळेल. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट अकरा ते चारच्या उन्हाला आडवी लावली तर बरीचशी रोपं तगतात.

पिशव्या भरणं

आपल्याकडची काळी माती शेतात सोनं असेल, कुंडीत ती ओली असताना चिखल आणि वाळली की वीट. रोपवाटिकेतून लाल माती आणा. बाल्कनीतल्या कुंडीसाठी माझं प्रमाण एक घमेलं माती, एक घमेलं खत, एक घमेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि प्रत्येक कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजवली की साठ-सत्तर लिटर होते. दोनदा पाणी बदलून धुऊन घ्या, त्यात क्षार असतात.

गच्चीवरच्या मोठ्या पिशव्या मी वेगळ्या भरते. तळाला तीन-चार इंच नारळाच्या शेंड्या. त्यावर चिपाड, जे कोपऱ्यावरचा रसवंतीवाला आनंदाने देतो. ताज्या चिपाडाला मुंग्या लागतात, म्हणून ते पाण्यात खळबळून आठवडाभर उन्हात टाकायचं. मग तुडवलेला वाळका पाला, मध्ये अर्धवट झालेल्या खताचा थर, पुन्हा पाला. वरचे चार-पाच इंच माती-खत-कोकोपीटचं मिश्रण. पाणी घालून सहा आठवडे तसंच सोडा. लगेच रोप लावलं तर पाला कुजवणारे जीवाणू नत्र स्वतःच खातात आणि रोपाची पानं पिवळी पडतात. सहा आठवड्यांत थर एक तृतीयांश खाली बसतो, तेवढा पुन्हा भरायचा. ही पिशवी मातीच्या पिशवीपेक्षा निम्म्याहून हलकी असते.

भांडी काय वापरावीत? काहीही, फक्त तळाला भोकं हवीत. पालेभाज्यांना सहा-आठ इंच खोली पुरते, त्यासाठी भाजीचे प्लास्टिक क्रेट आतून जुन्या शेडनेटने मढवले की झालं. मिरची, वांगं, टोमॅटोला किमान बारा इंच, वेलांना पंचवीस ते चाळीस लिटर. जुन्या बाजारात ड्रम स्वस्त मिळतात, पण आत पूर्वी काय होतं ते विचारा. रंग किंवा रसायनाचा ड्रम असेल तर कितीही धुतला तरी भाजीला नको. कुंभारवाड्यातल्या मातीच्या कुंड्या देखण्या असतात आणि मुळांना गारवा देतात. वजन आणि तहान मात्र दोन्ही जास्त, त्यामुळे मी त्या तुळस आणि रोझमेरीपुरत्याच ठेवल्या आहेत.

वाढ केव्हा करायची

जूनमध्ये नाही. पावसाळा हा सगळ्यांना हुरूप देणारा आणि नवशिक्यांना फसवणारा ऋतू. कीड, सडणं, सोसाट्याचा वारा सगळं तेव्हाच असतं. पुण्यातला खरा उदार काळ गणपती विसर्जनापासून होळीपर्यंत. म्हणून ऑगस्टमध्ये पिशव्या भरून कुजत ठेवा आणि या क्रमाने पुढे जा.

पहिला टप्पा, सप्टेंबरअखेर: दोन-तीन क्रेट पालेभाज्या. मेथी स्वयंपाकघरातल्या डब्यातली पेरा, चौथ्या दिवशी उगवते आणि पंचवीस-तीस दिवसांत भाजी. मुळासकट न उपटता दोन इंच ठेवून कापली तर आणखी एक तोडा मिळतो. पालकाचे तीन-चार. लाल माठ आणि राजगिऱ्याचं बी इतकं बारीक असतं की ते कोरड्या वाळूत मिसळूनच फेकायचं, नाहीतर एका कोपऱ्यात जंगल आणि बाकी टक्कल. सगळे क्रेट एकदम पेरू नका. दर दहा-बारा दिवसांनी एक पेरला की चक्र चालू राहतं. माझ्या अनुभवात दीड बाय एक फुटाच्या दोन क्रेटमधून चौघांना एका वेळची मेथीची भाजी होते, तीही दाणे-लसूण घालून जरा वाढवल्यावर. मंडईतली जुडी बंद होईल या भ्रमात राहू नका.

कोथिंबीर हमखास रडवते. धणे हाताने रगडून दोन फोडी करा, रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा, आणि मग आठ-बारा दिवस काहीच दिसत नाही म्हणून उकरून बघू नका. धणे जुने असतील तर उगवतच नाहीत. मार्चनंतर पेरलेली कोथिंबीर चार पानांवर फुलोऱ्याला येते, तो दोष तुमचा नाही, उन्हाचा.

दुसरा टप्पा, ऑक्टोबर-नोव्हेंबर: मिरची, टोमॅटो, वांगी. बी घरी लावायचं असेल तर गणपतीतच लावा. टोमॅटो आठवड्याच्या आत उगवतो, मिरची आठ-बारा दिवस घेते. टोमॅटोचं रोप पंचवीस-तीस दिवसांनी, मिरचीचं पस्तीस-चाळीस दिवसांनी मोठ्या पिशवीत हलवा, तेही संध्याकाळी. टोमॅटोचं खोड खालच्या पानांपर्यंत मातीत पुरलं की त्याला बाजूने मुळं फुटतात. पहिल्या वर्षी तयार रोपं आणली तरी कमीपणा नाही. सोलापूर रस्त्यावर हडपसरपासून उरुळी कांचनपर्यंत रोपवाटिकांची रांग आहे. एका पिशवीत एकच रोप. तीन लावली तर तिन्ही उपाशी राहतात, आणि एक उपटायला हात धजत नाही.

वाणांबद्दल थोडं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'फुले ज्योती' मिरची घोसाने लागते, तीन-चार झाडांत आमचं वर्ष निघतं. भरतासाठी 'मांजरी गोटा', आपल्या पुण्याशेजारच्या मांजरीचं जांभळं-पांढरं वांगं. भेंडीत परभणीच्या विद्यापीठाची 'परभणी क्रांती', ती पानं पिवळी पाडणाऱ्या हळद्या रोगापुढे सहजी मान टाकत नाही. टोमॅटोत पहिल्यांदा चेरी लावा. मोठ्या फळांचा टोमॅटो कुंडीत रुसतो आणि मार्चची उष्णता आली की फुलं गाळतो. कोबी-फ्लॉवर मी लावत नाही. तीन महिने पिशवी अडवून एक गड्डा मिळतो, तो मंडईत कुठल्याही दिवशी मिळतो.

तिसरा टप्पा, जानेवारीअखेर ते मे: नवीन कुंडी नाही. हे लिहायला सोपं आहे. प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं, तिथून रिकाम्या हाताने परत येणं मला अजून जमलेलं नाही. या काळात भेंडी आणि गवार पेरा, उन्हाला न भिणारी अंबाडी आणि माठ पेरा, बाकी पिशव्यांना पाल्याखाली विश्रांती द्या. संपलेल्या वांग्याला उपटू नका, अर्ध्यावर छाटून खत घाला, ते पुन्हा फुटतं. हळद-आलं अक्षय तृतीयेच्या आसपास लावा.

चौथा टप्पा, जून: वेल. तोपर्यंत तुम्ही एक उन्हाळा काढलेला असतो, म्हणून आता मांडव घाला.

वेलांचा मांडव

वेल म्हणजे कमी जागेत जास्त भाजी, कारण तो हवेत पसरतो. चार बांबू किंवा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप, वर नायलॉन जाळी, तिचे चौकोन वीतभर हवेत, हातभर नकोत. जून-जुलैत पश्चिमेचा वारा गच्चीवर असा सुटतो की नुसता बांधलेला मांडव एका रात्रीत शेजारच्या इमारतीत जाऊन पडेल. पाय भरलेल्या ड्रममध्ये रोवा आणि कठड्याला तारेने आवळा.

बी रात्रभर भिजवा. कारल्याच्या बियाचं टोक नेलकटरने किंचित कापलं तर लवकर फुटतं. एका पिशवीत दोन वेल पुरे. दोडका, कारलं आणि राहुरीचीच पांढरी 'हिमांगी' काकडी, एवढ्यावर सुरुवात करा.

पहिले दहा-पंधरा दिवस नुसती नर फुलं येतात आणि गळतात. घाबरू नका. मादी फुलाच्या मागे इवलंसं दोडकं किंवा कारलं आधीच दिसतं, नर फुलाला नुसता देठ. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर मधमाश्या कमी येत असतील तर नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे सारायच्या आणि परागकण मादी फुलाच्या मध्यावर हलके टेकवायचे. वेळ महत्त्वाची: काकडी-कारल्याची फुलं सकाळी उमलतात, दोडक्या-दुधीची संध्याकाळी. मी दोन आठवडे सकाळी दोडक्यापाशी ब्रश घेऊन उभी राहत होते. मिटलेल्या फुलांशी.

छोटं फळ पिवळं पडून गळालं तर परागण झालेलं नाही. फळ वाकडं होऊन आतून सडलं तर फळमाशी. तिच्यासाठी क्यू-ल्युअर या आमिषाचा सापळा टांगा. दुकानदार मिथाइल युजेनॉल या दुसऱ्या आमिषाचा देईल, तो आंबा-पेरूच्या माशीचा, वेलभाज्यांना तो उपयोगी नाही. सापळ्यात नर सापडतात, म्हणून किडकी फळं वेचून बंद पिशवीत घालून टाकून देणं तेवढंच गरजेचं. ती खताच्या ड्रममध्ये टाकणं म्हणजे माश्यांची पैदास घरीच.

वासाची झाडं

यांना फार लाड नकोत. बाजारातल्या पुदिन्याच्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्याभरात मुळं फुटतात. त्याला वेगळी पसरट कुंडी द्या, नाहीतर तो शेजाऱ्याचं घर बळकावतो. पानओवा काडी खोचली की लागतो. गवती चहाचा मुळासकट गड्डा विभागून लावा आणि त्याला पूर्ण ऊन द्या. कढीपत्त्याचं शेंड्याचं टोक खुडत राहिलं तरच तो खाली फुटतो, नुसती पानं ओरबाडली तर काठी होते. आठवड्याला आंबट ताक पाण्यात मिसळून घालायची आमच्याकडे आजीपासून पद्धत आहे, आणि झाड तरी खूश दिसतं. तुळशीच्या आणि बेसिलच्या मंजिऱ्या खुडा, म्हणजे पानं येत राहतात. रोझमेरी आणि थाइम यांना पुण्याचा पावसाळा सोसत नाही. निम्मी वाळू घातलेल्या कुंडीत लावून जून ते सप्टेंबर पागोळीच्या आत ठेवा.

कीड

रोज सकाळी चहाचा कप घेऊन पानं उलटी करून बघणं हे निम्मं औषध. मावा कोवळ्या शेंड्यांवर दिसला तर पाण्याचा जोराचा फवारा पुरतो. पिठ्या ढेकूण कापसासारखा देठांच्या बेचक्यात बसतो, तो जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात खरडा. एरवी लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि ते मिसळावं म्हणून रिठ्याचं पाणी, दर आठ-दहा दिवसांनी सूर्य कलल्यावर, पानांच्या खालच्या बाजूला. भर उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

थंडीत वेलांच्या आणि मटाराच्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी भुरी येते. पानं विरळ करा, हवा खेळू द्या, एक भाग ताक आणि नऊ भाग पाणी असं फवारा. मिरचीची पानं आकसून वाटीसारखी झाली तर तो चुरडा-मुरडा, भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर हळद्या. हळद्या विषाणूने होतो, पांढरी माशी तो पसरवते आणि झाड बरं होत नाही. उपटा, आजच. मी एका भेंडीवर माया केली आणि सहा गमावल्या.

आणि पारवे. यांच्यावर औषध नाही. पेरलेल्या क्रेटवर रोपं चार इंच होईपर्यंत जाळी घाला.

गावाला जाताना

वीस पिशव्या झाल्या की ठिबक करून घ्या. दोनशे लिटरचा ड्रम तीन फूट उंचीवर, चाळणी, सोळा मिलिमीटरची नळी आणि प्रत्येक पिशवीला एक तोटी. दाब समान राखणाऱ्या महाग तोट्या घेऊ नका, एवढ्या कमी उंचीवर त्या उघडतच नाहीत. साध्या घ्या आणि डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. तोटीखाली पेला ठेवून दहा मिनिटांत किती भरतो ते मोजा. उंची कमी म्हणून पाणी लिहिल्यापेक्षा बरंच कमी येतं. ड्रम झाकलेला हवा, नाहीतर शेवाळ धरेल आणि डास होतील. चार दिवसांपुरतं जायचं असेल तर सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवल्या तरी भागतं.

ऑक्टोबर येईल तेव्हा वेलावरचं पहिलं, सरळ, निरोगी दोडकं तोडू नका. ते तिथेच वाळू द्या. बी संकरित असेल तर पुढची पिढी तशीच निघण्याची खात्री नाही, आणि जवळ घोसाळ्याचा वेल असेल तर दोघांची सरमिसळ होते. या दोन्ही अडचणी नसतील तर दोडकं तपकिरी होऊन हलवल्यावर खुळखुळायला लागलं की टोक मोडायचं, बिया चुलीच्या किंवा शेगडीच्या राखेत घोळून बाटलीत भरायच्या, वर वर्ष लिहायचं. आतली जाळी मी भांडी घासायला वापरते.